आठ किलो हवा

एक प्रेशर गेज सोडलं, तर करमाळ्याच्या बाजारात तयार मिळणारी कुठलीही वस्तू मेस्त्रींनी आजवर विकत आणलेली नाही. गेज का आणलं, ते पुढे येईल. बाकी सगळा संसार हातचा आहे. गॅरेजचं फाटक ट्रकच्या कमानपाट्यांचं, बसायची स्टुलं ब्रेकड्रमची, इंजिन उचलायची तिकाटणी बोअरच्या जुन्या पाइपांची. घराच्या अंगणातलं तुळशीवृंदावनसुद्धा इंजिनाच्या लायनरचं आहे. पावसाळ्यात त्याला अजून डिझेलचा वास येतो, पण तुळस जोमात आहे. 'अहो, हे दुकानात पाचशेला मिळतं' असं मेस्त्रींसमोर म्हणू नये. ते काही बोलत नाहीत. तीन दिवस खपतात, आठशेचे वेल्डिंग रॉड जाळतात आणि तीच वस्तू तुमच्यासमोर आणून आपटतात. 'हां, घ्या. फुकटात झाली.'

मेस्त्रींना नाव आहे. ते आधार कार्डावर आणि वीजबिलावर आहे. इतर सगळीकडं 'मेस्त्री' एवढ्यावर भागतं. नगरहून टेंभुर्णीकडं जाणारा रस्ता करमाळ्यावरून जातो आणि त्या रस्त्यावर काहीही बंद पडलं की ते शेवटी मेस्त्रींच्या दारात येतं. भीमेच्या अंगाला उजनीचं पाणी पसरल्यापासून तालुक्याच्या त्या भागात ऊस आणि केळी मातली. कंदरकडची केळी कंटेनरमध्ये बसून परदेशी जातात आणि ऊस दिवाळीनंतर कारखान्याच्या काट्यावर रांग लावतो. हंगामात मेस्त्रींना जेवायला सवड नसते. चाळीस टक्के गाड्या दुरुस्तीला येतात, उरलेल्या मेस्त्रींनी मागं दुरुस्त केलेल्या असतात म्हणून येतात.

अशा माणसाची एक खूण म्हणजे तो मोजत नाही. मेस्त्रींकडं टेप आहे, तो बारक्याच्या कमरेला असतो. बारक्या म्हणजे हेल्पर. टेपचा उपयोग चहाच्या टपरीवर रुबाब मारायला होतो. मेस्त्रींची मापं वेगळी. वीत, बोट, सूत, केसभर आणि 'जरा'. यांतलं 'जरा' हे सर्वांत बारीक आणि सर्वांत जबाबदार माप. 'जरा घास', 'जरा ठोक', 'जरा सोड' एवढ्यावर आख्खं इंजिन उतरतं आणि चढतं. आणि खरं सांगायचं तर चढलेलं इंजिन चालतं. म्हणून तर लोक येतात.

दुसरी खूण म्हणजे गॅरंटी. कमलाभवानीच्या देवळामुळं आमच्या गावात 96 या आकड्याला मान आहे. देवळाचे खांब 96, विहिरीच्या पायऱ्या 96. मेस्त्रींनी तोच आकडा धंद्यात घेतला. 'शहाण्णव टक्के गॅरंटी' असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. राहिलेल्या चार टक्क्यांचं काय, असं विचारलं की देवळाच्या दिशेनं हात जोडतात. 'ती कमलाई बघून घेती.' क्लचप्लेट, डायनॅमो, सायलेन्सर असल्या कामांत देवीनं तिचे चार टक्के आजवर नीट सांभाळले आहेत. अडचण हवेच्या कामात आली.

हवा हा मेस्त्रींचा लाडका विषय. एकतर ती फुकट. दुसरं, ती दिसत नाही, त्यामुळं तिच्यात चूकही दिसत नाही. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनावरचा कॉम्प्रेसर चासीखालच्या टाक्यांत हवा दाबून भरतो, पायाखालचा ब्रेक दाबला की ती चाकापाशी जाऊन लायनर दाबते. या टाक्यांत साधारण आठ किलो हवा असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर आठ किलो दाब. मेस्त्रींच्या बोलण्यात त्यातलं 'दर चौरस सेंटिमीटरवर' गळालं आणि नुसते आठ किलो उरले. आठ किलोला कोण भितं? तेवढी तर बारक्याची हातोड्यांची पिशवी आहे.

यंदाच्या हंगामाच्या तोंडावर ऊसवाहतुकीचा ट्रक असलेले एक मालक आले. स्वतःची गाडी, स्वतःच ड्रायव्हर.

'मेस्त्री, जादाची एक टाकी बसवा. फडात टायर बसला की गावात पळावं लागतंय. टाकी आसली की नळी लावून जागच्या जागी हवा मारता यील. एअर फिल्टर झटकाया बी बरं. आन...'

'आन हॉर्न,' मेस्त्रींनी वाक्य पुरं केलं.

एकामागून एक सूर काढणारे आणि कानठळ्या बसवणारे हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 119 व्या नियमानं बंद केलेले आहेत, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून हॉर्न हा शब्द दोघांनी हळू आवाजात उच्चारला. हॉर्न मात्र हळू वाजणार नव्हता.

'कंपनीची टाकी आणू का सोलापुरातनं?' मालकांनी भाबडेपणानं विचारलं.

गॅरेजमध्ये शांतता पसरली. बारक्यानं पाना खाली ठेवला. मेस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, मालकांकडं बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाले, 'चहा घ्या.'

अशा वेळी चहाला सर असतातच. सर म्हणजे आयटीआयमधून निवृत्त झालेले फिटर ट्रेडचे निदेशक. आयुष्यभर पोरांना व्हर्नियर वाचायला शिकवलं आणि आता रोज संध्याकाळी येऊन मेस्त्रींना बघत बसतात. दोघांची मैत्री जुनी आहे. सरांना वाटतं, मेस्त्रींच्या हातात जे आहे ते आपल्या वर्गात कुणाच्याच हातात नव्हतं. मेस्त्रींना वाटतं, सरांनी एवढं शिकून एक पंक्चर काढलेलं नाही. दोघांचंही खरं आहे.

टाकी कशाची करायची यावर खल सुरू झाला. मेस्त्री एकेक माल काढत गेले आणि सर एकेक बाद करत गेले.

डिझेलचं 200 लिटरचं बॅरल. सर म्हणाले, बॅरल ओतायसाठी असतं, दाबासाठी नसतं. एक किलो हवेतच त्याचं सपाट बूड बाहेर येईल. आणि रिकाम्या बॅरलला वेल्डिंगची ठिणगी लावणं म्हणजे आतल्या डिझेलच्या वाफेला आमंत्रण. बॅरलचं झाकण उडून माणसं गेलेली आहेत.

घरगुती गॅसचा जुना सिलिंडर. 'सर, हे तर पंचवीस किलोला टेस्ट केल्यालं आसतंय!' सर म्हणाले, असतं, आणि म्हणूनच ते गॅस कंपनीचं असतं, तुमचं नाही. कापणं, भोक पाडणं, त्यात दुसरं काही भरणं हे सगळं बेकायदा. शिवाय आत गॅस उरलेला असतो. तो नाकाला कळतो तेव्हा वेल्डिंगचा रॉड पेटलेला असतो.

फ्रिजच्या गॅसचा फेकून द्यायचा डबा. एकदाच वापरायला बनवलेला पातळ पत्रा. आतून गंजायला लागला की बाहेरून रंग ताजाच दिसतो.

मग बारक्यानं मान वर केली. 'पीव्हीसी पाइप? त्याच्यावर सहा किलो छापल्यालंच आसतंय की!' बारक्याच्या या वाचनावर मेस्त्री खूश झाले. सरांनी डोक्याला हात लावला. ते सहा किलो पाण्याचे, पोरा. पाण्यानं पाइप तडकला तर चिखल होतो. हवेनं फुटला तर धारदार चिपा होतात आणि त्या चिपा जवळच्या माणसाला शोधतात. त्यात उन्हानं आणि इंजिनाच्या उष्णतेनं तो पाइप आधीच ठिसूळ झालेला.

शेवटी मेस्त्रींनी ठेवणीतला माल काढला. उजनीवरच्या कुठल्याशा उपसा सिंचन योजनेचा जुना लोखंडी पाइप, फूटभर व्यासाचा. त्याचा सव्वादोन फूट तुकडा कापला. दोन्ही तोंडांना झाकणं म्हणून ट्रॉलीच्या तळाचा पाच मिलिमीटर पत्रा गोल कापून लावला. बाहेरून वेल्डिंगची माळ फिरवली. ही माळ बघण्यासारखी होती, एका रुंदीची, एका चालीची, कुठं भोक नाही की गाठ नाही. सर चष्मा लावून बराच वेळ तिच्याकडं बघत होते. कौतुक त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं, पण शिक्षकी पेशामुळं ते तोंडापर्यंत पोचलं नाही.

टाकीला वर सेफ्टी व्हॉल्व्ह होता. भंगारातला. तो सारखा फुसफुसतो म्हणून मेस्त्रींनी त्याच्या स्प्रिंगवरून तार आवळून बांधली होती. तेवढ्यात चहा घेऊन काकू आल्या. घर गॅरेजच्या मागंच आहे, त्यामुळं गॅरेजमध्ये काय शिजतंय हे त्यांना घरातल्याइतकंच ठाऊक असतं. त्यांनी तार बघितली.

'हे काय?'

'व्हॉल्व्ह हवा सोडतोय, म्हणून बांधलाय.'

'आवं, कुकरच्या शिट्टीला तार बांधून मी कधी भात लावलाय का?'

मेस्त्रींनी पक्कड घेतली आणि गुपचूप तार कापली. सरांना जे तासभर जमलं नसतं, ते एका वाक्यात झालं होतं.

पण टाकी तशीच होती. सरांनी खिशातून खडू काढला. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या खिशात खडू असतो. गॅरेजच्या काळ्या फरशीवर त्यांनी वर्तुळ काढलं. 'मेस्त्री, हे तुमचं झाकण. व्यास तीस सेंटिमीटर. क्षेत्रफळ साधारण 707 चौरस सेंटिमीटर. प्रत्येक सेंटिमीटरवर आठ किलो. गुणा.'

बारक्यानं मोबाइलवर गुणलं. 5,656.

'साडेपाच टनांच्या वर,' सर म्हणाले. 'एकेका झाकणावर. तीन बैलगाड्या ऊस आतून झाकणावर रचलाय असं समजा, आणि तो बाहेर यायला बघतोय.'

मेस्त्री हसले. 'सर, हवा हलकी आसती.'

सर उठून उभे राहिले. ही त्यांची जुनी सवय, विद्यार्थ्याचं उत्तर अगदीच हाताबाहेर गेलं की ते उभे राहतात. म्हणाले, गोल पाइप दाब पेलतो, कारण दाब त्याला सगळीकडून सारखा ताणतो. ताण सर्वांत जास्त लांबीच्या सांध्यावर, आडव्या गोल सांध्याच्या दुप्पट. म्हणून टाकी फाटते ती बहुधा उभी फाटते. पण सपाट झाकणाचं दुखणं वेगळं. त्याला नुसतं ताणलं जात नाही, वाकवलं जातं. म्हणून कंपनीच्या टाकीची तोंडं फुगीर असतात. ती शोभेसाठी नसतात.

मग सर अमेरिकेत शिरले. 20 मार्च 1905 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी ग्रोव्हर बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला. बॉयलर छत फोडून बाहेर पडला, इमारत कोसळून पेटली, 58 माणसं गेली. त्या आणि तशा अपघातांनंतर तिथल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेनं बॉयलर कसा बनवायचा याची संहिता लिहिली आणि ती 1915 मध्ये छापून आली. पत्रा किती जाड, सांधा कसा, चाचणी कितीला, सगळं.

'ती वाफ, सर. आपली हवा हाय.'

'कोंडलेलं ते कोंडलेलं. आपल्याकडं साखर कारखान्यात बॉयलर पेटवायच्या आधी काय करतात?'

'अग्निप्रदीपन,' बारक्या म्हणाला. त्याचा मामा कारखान्यात होता.

'ते झालं पूजेचं. त्याच्या आधी सरकारी निरीक्षक येऊन तपासतो आणि दाखला देतो. दाखला नसेल तर नुसत्या नारळावर बॉयलर पेटत नाही. मोठ्या टाक्यांसाठी आणि गॅसच्या सिलिंडरसाठी वेगळे नियम आहेत. ते बघणाऱ्या खात्याचं मुख्यालय लांब कुठं नाही, आपल्या नागपुरात आहे. तुमची टाकी पन्नास लिटरची. तिच्यापाशी निरीक्षक येणार नाही. म्हणजे तिचे निरीक्षक तुम्हीच.'

हे मेस्त्रींना आवडलं. निरीक्षक ही पदवी त्यांना कुणी आजवर दिली नव्हती. चाचणीला ते तयार झाले. कॉम्प्रेसरची नळी ओढून टाकीला लावायला निघाले, तर सरांनी हात धरला. हवेनं चाचणी घ्यायची नाही, पाण्यानं घ्यायची. आणि गेज नवं पाहिजे. गॅरेजमधल्या गेजची काच फुटलेली होती आणि काटा गेली काही वर्षं पाचावर टेकून विश्रांती घेत होता. मेस्त्री मेनरोडला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी विकत घेऊन आले. पावती अजून देव्हाऱ्यात आहे.

ठिबकवाल्याकडून पाइपलाइन टेस्टिंगचा हातपंप मागून आणला. टाकी उभी करून वरच्या भोकापर्यंत पाणी भरलं. सरांनी टाकी हलवायला लावली, ठोकायला लावली, बुडबुडा एकही राहता कामा नये. आत हवेचा खिसा राहिला की ती पाण्याची चाचणी राहत नाही. मग भोक बंद केलं, पंप जोडला. आठ किलोवर चालवायची, तर चाचणी सव्वा ते दीडपट, म्हणजे दहा ते बारा किलोला. बारक्या दांडा मारू लागला.

दोन किलो. काही नाही. चार किलो. मेस्त्रींनी विडी काढली. पाच किलोला झाकणातून 'टक्' असा आवाज आला. मेस्त्रींनी विडी परत खिशात ठेवली. सहाला सरांनी झाकणावर लोखंडी पट्टी आडवी धरली. पट्टीच्या दोन्ही टोकांखाली फट दिसत होती. झाकणाला मधून पोट सुटलं होतं. सातला पोट आणखी बाहेर आलं. आठ किलोला वेल्डिंगच्या त्या देखण्या माळेच्या कडेला केसासारखी चीर पडली आणि तिच्यातून पाण्याची बारीक धार थेट सरांच्या चष्म्यावर आली.

बारक्या हसला. मालक हसले. चष्मा पुसत सरही हसले. गेजचा काटा एका क्षणात शून्यावर आला होता. पंप थांबला, धार थांबली, फरशीवर पेलाभर पाणी सांडलं. एवढाच अपघात.

'आता हसता येतंय, कारण आत पाणी होतं,' सर म्हणाले. पाणी दाबून आकसत नाही म्हटलं तरी चालेल. आठ किलो दाबाला पन्नास लिटर पाणी वीस मिलिलिटरसुद्धा कमी होत नाही. म्हणून चीर पडली की त्याचा जोर लगेच संपतो. हवेचं तसं नाही. पन्नास लिटरच्या जागेत साडेचारशे लिटर हवा कोंबलेली असते आणि चीर मिळाली की ती सगळी एकदम बाहेर यायला बघते. तिच्यात एक टन वजन दोन पुरुष उंच उचलण्याइतका जोर असतो. झाकण ज्या दिशेला असेल, त्या दिशेला तो जोर जातो. 'आणि आत्ता त्या दिशेला मी बसलो होतो.'

सगळे मेस्त्रींकडं बघू लागले. मेस्त्रींनी ओल्या चिरेवरून बोट फिरवलं, पोट सुटलेल्या झाकणावर हात ठेवला, खूप वेळ विचार केला आणि निर्णय दिला.

'पाणी जड आसतंय म्हणून फुटली. हवेनं फुटली नसती.'

सर चहा न पिताच घरी गेले.

पण मेस्त्रींना रात्री झोप लागली नसावी. सकाळी आलो तर ते झाकण कापून हातात घेऊन बसले होते आणि फरशीवरच्या खडूच्या वर्तुळावर त्यांनी बादली उपडी ठेवून झाकली होती, कुणी पुसू नये म्हणून. आतल्या बाजूनं माळ कुठपर्यंत पोचली होती, ते त्यांनी मला दाखवलं. पोचलीच नव्हती. बाहेरून एवढा डौल, आतून पाइप आणि पत्रा नुसते एकमेकांना टेकलेले. 'बाहेरनं बघून काय कळतंय?' असं ते स्वतःशीच म्हणाले. मेस्त्रींच्या तोंडी 'कळत नाही' या अर्थाचं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग काम रीतसर झालं. मालकांनी सोलापुराहून कंपनीची ट्रकची टाकी आणली, फुगीर तोंडांची, दाबाचा आकडा आणि बनवणाऱ्याचा शिक्का असलेली. आता मेस्त्रींच्या हाताला खरं काम मिळालं. टाकीला वेल्डिंगचा एक टिपकासुद्धा लावायचा नाही, एवढं सरांनी सांगितलं होतं, कारण तापलं की पोलाद बिघडतं. मेस्त्रींनी कमानपाट्याचे दोन पाळणे बनवले, जुन्या टायरचं रबर घालून टाकी पट्ट्यांनी आवळली. ट्रक खड्ड्यात आपटला तरी टाकी हलणार नाही आणि घासणारही नाही. नळ्या सायलेन्सरपासून लांब नेल्या. नवा सेफ्टी व्हॉल्व्ह थेट टाकीवर बसवला, मध्ये कुठलाही कॉक नाही. ब्रेकच्या आणि या टाकीच्या मध्ये सिस्टिम प्रोटेक्शन व्हॉल्व्ह टाकला. उद्या टायरची नळी फडात फुटली, तर जादाची टाकी रिकामी होईल, पण ब्रेकची हवा राखली जाईल. हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ब्रेकची हवा हॉर्नात गेली तर घाटात काय होतं, हे मेस्त्रींनी पुस्तकात वाचलेलं नाही, रस्त्याच्या कडेला जाऊन उचललेलं आहे.

आणि एक त्यांचं स्वतःचं. दाबलेल्या हवेतली वाफ गार झाली की टाकीच्या तळाशी पाणी साठतं, त्यानं टाकी आतून गंजते. ते सोडायला तळाला कॉक असतो. ड्रायव्हर ट्रकखाली झोपून तो कधीच उघडत नाही. मेस्त्रींनी कॉकला तार बांधून ती कॅबिनच्या पायरीपाशी आणली. उतरता उतरता ओढली की फुस्स. सर खाली वाकले, तार ओढून बघितली आणि म्हणाले, 'हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.' मेस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत, पोट आधीच भरलं होतं. हॉर्नचं तेवढं राहून गेलं. मालक दोनदा आडून विचारून गेले, पण निरीक्षक झाल्यापासून मेस्त्रींना 119 वा नियम अचानक आठवायला लागला होता.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण अशा माणसाला पटत नाही तोवर बरं असतं. एकदा पटलं की गावाची पंचाईत.

आता मेस्त्री सगळ्याला पाणी भरून बघतात. कुणी फवारणीचा पंप दुरुस्तीला आणला, 'टेस्ट केला का?' काकूंचा कुकर त्यांनी दोनदा टेस्ट केला, तिसऱ्यांदा काकूंनी त्यांना स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. नातवाच्या वाढदिवसाला फुगे आणले, तर त्यातला एक पाणी भरून आधी तपासला गेला आणि पाहुण्यांच्या अंगावर नापास झाला. पंक्चरवाल्याच्या दुकानात जाऊन त्यांनी त्याला झापलं, ट्रकच्या टायरची रिंग बसवताना पिंजरा का वापरत नाहीस म्हणून. रिंग उडून माणसाचं डोकं फुटतं, हे त्यांनी त्याला उभ्याउभ्या फरशीवर खडूनं गणित मांडून सांगितलं. हो, खडूही आता त्यांच्या खिशात असतो. पिंजरा मात्र त्यांनी स्वतः करून दिला, पाइपांचा, फुकटात. तो फार चांगला झाला आहे.

शहाण्णव टक्के गॅरंटी बंद झाली. नवं माप 'दीडपट' आहे. पुतणीसाठी स्थळ आलं. मुलगा पुण्यात कंपनीत, पगार अमुक, स्वभाव शांत. मेस्त्री म्हणाले, 'शांत हाय म्हणता, पर कितीपर्यंत टेस्ट केलाय? दीडपट दाब देऊन बघा आधी.' मुलाचे काका उठून गेले. निवडणुकीच्या सभेतही त्यांनी उमेदवाराला आश्वासनांचा सेफ्टी व्हॉल्व्ह कुठं आहे, असं विचारल्याचं सांगतात. मी तिथं नव्हतो, पण विचारलं असेल.

टेस्टिंगचा पंप आता ठिबकवाल्याकडून मागत नाहीत. तो त्यांनी स्वतः बनवला, जुन्या फवारणी पंपापासून. आणि सगळ्यात कळस म्हणजे, परवा नवीन गिऱ्हाइकाला ते माझ्यासमोर सांगत होते, 'मी पयल्यापासनं सरांना म्हणतोय, हवेचा भरवसा धरू नका. पर ऐकतील तर शपथ.' सर शेजारीच चहा पीत होते. त्यांनी मान डोलावली. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला एवढं कळतं की विद्यार्थ्यानं धडा स्वतःच्या नावावर केला म्हणजेच तो पाठ झाला.

तुमच्या गावातही असे मेस्त्री असतील. त्यांना पाळणा सांगा, पिंजरा सांगा, कॉकची तार सांगा, ते कंपनीपेक्षा चांगलं करतील. हवेची टाकी मात्र त्यांना करायला सांगू नका. ती शिक्क्याची विकत घ्या, तिला वेल्डिंग लावू देऊ नका, सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावू देऊ नका, टाकी जुनी झाली की पाण्यानं तपासून घ्या आणि रोज गाडी लावली की तळाचं पाणी सोडा. टाकीचे पैसे टायरच्या पैशांपेक्षा कमी असतात.